विचारा, सांगते : शोधलं गिरणी, सापडलं भलतंच

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा लालबागचा, आता विरारला राहतो. वडील गिरणीत होते, त्यांची एक ट्रंक माझ्याकडे आहे, त्यात गिरणीचा पास, युनियनच्या पावत्या, खानावळीचा हिशेब, गावाहून आलेली पत्रं आणि चाळीतल्या भजनी मंडळाची एक कॅसेट असं सगळं आहे. पुतण्या म्हणाला डिजिटल अर्काइव्हला द्या, म्हणून आधी नेटवर बघायला बसलो. गिरणी टाकलं तर एक पीएचडीचा प्रबंध, एक नकाशा, कसलीतरी एक्सेल शीट, कोणाचं तरी भाषण आणि चक्क पिठाच्या गिरणीच्या मोटरवरचा पेपर! हे काय भांडार की चोरबाजार? आणि यात आमची ट्रंक घेणार कोण?

उत्तर : काका, चोरबाजार म्हणालात ते अगदीच चुकीचं नाहीये, फक्त इथे प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावलेली असते आणि सगळा खेळ त्या चिठ्ठीचा आहे. लायब्ररी काय घ्यायचं ते ठरवून विकत घेते, पण रिपॉझिटरीत, म्हणजे अशा डिजिटल भांडारात, लोक जे आणून जमा करतात ते राहतं. सॉफ्टवेअरला प्रबंध काय न् कॅसेट काय, सगळं सारखंच, एक नोंद आणि तिला जोडलेल्या फायली. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेचं झेनोडो नावाचं भांडार आहे ना, २०१३ पासूनचं, तिथे जमा करताना प्रकार निवडायचा असतो, त्यात पेपर, पोस्टर, डेटासेट, फोटो, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, धडा असं सगळं आहे आणि शेवटी "इतर" पण आहे. "इतर" म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहितीये. मी स्वतः एका ठिकाणी नकाशा म्हणून फाइल उघडली तर आत सेमिनारच्या जेवणाचं बिल निघालं, पनीर किती प्लेट ते सुद्धा कळलं.

म्हणून आधी बघा की भांडार कशाचं आहे. शोधगंगा म्हणजे फक्त विद्यापीठांचे प्रबंध, आणि तिथे एकेका प्रबंधाचे तुकडे करून ठेवलेले असतात, सर्टिफिकेट वेगळं, अनुक्रमणिका वेगळी, प्रकरणं वेगळी, त्यामुळे पहिली फाइल उघडून "यात तर नुसत्या सह्या आहेत" म्हणून बंद करू नका. आपल्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथ संजीवनी म्हणजे जुनी पुस्तकं, वर्तमानपत्रं, नकाशे. अभिलेख पटल हे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं, तिथे सरकारी कागद. आणि इंटरनेट अर्काइव्हवर कोणीही काहीही चढवू शकतं, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली ढीगभर मराठी पुस्तकं पण तिथे आहेत, पण नावं रोमन लिपीत, डबल ए डबल आय लावून कशीही टाइप केलेली, त्यामुळे देवनागरीत शोधलं तर हाती काही लागत नाही आणि लोकांना वाटतं पुस्तकच नाही. चार स्पेलिंग करून बघा, नाहीतर लेखकाचं आडनाव टाका. आणि बाजूला प्रकार निवडायचा फिल्टर असतो तो वापरा, पिठाची गिरणी तिथेच गळून पडेल.

आता ट्रंक. कृपा करून पुतण्याला सांगा की फोटो एका फोल्डरमध्ये, पावत्या दुसऱ्यात अशी वाटणी करू नकोस! अर्काइव्हवाले एका माणसाचं गाठोडं एकत्रच ठेवतात, आणि त्यात शहाणपण आहे. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. समजा त्यानंतर युनियनची पावती दिसत नाही, खानावळीचा हिशेब उधारीवर गेलाय आणि त्याच महिन्यात गावाहून पत्र आलंय, तर हे तीन कागद शेजारी ठेवले की एक घर दिसतं. वेगवेगळे केले की उरते नुसती रद्दी. कागद आहेत त्या क्रमाने स्कॅन करा, ३०० डीपीआय (स्कॅन किती बारीक ते सांगणारा आकडा) बास, फोटो असतील तर ६००. मागे कोणी काही लिहिलं असेल तर मागची बाजू पण. आणि वहीत लिहून ठेवा की कोण, कुठली चाळ, कोणतं साल, ही चिठ्ठी तुमच्याशिवाय कोणी लिहू शकणार नाही. फाइलला "स्कॅन ००१७" नाव दिलंत तर उद्या कोणाला सापडणार नाही, पिठाची गिरणीच वर येईल.

कोण घेणार? गिरणगावावर संशोधन करणाऱ्या एखाद्या विद्यापीठ विभागाला किंवा संग्रहालयाला आधी फोन करून विचारा, ट्रंक घेऊन थेट जाऊ नका. मूळ कागद लगेच देऊ नका, आधी स्कॅन द्या. एक गोष्ट मात्र, पत्र तुमच्याकडे असलं तरी आतल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, तो गेला असेल तर त्याच्या वारसांचा, तेव्हा काका-आत्यांच्या पत्रांबद्दल त्यांच्या मुलांना विचारून घ्या, नाहीतर गणपतीत घरीच भांडण.

प्रश्न : अशा भांडारातल्या एका नोंदीची लिंक जपून ठेवली होती, सहा महिन्यांनी उघडेना. – एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी केला असशील. नोंदीच्या पानावर डीओआय किंवा हँडल लिहिलेलं असतं, कायमचा पत्ता तो. साइट बदलली तरी भांडारवाले तो नवीन जागेकडे वळवून ठेवतात. उतरवून घ्यायचं ते हेच.

आणि विरारचे काका, सगळ्यात आधी कॅसेट. कागद अजून तग धरतील, पण मुंबईच्या दमटपणात टेपला बुरशी धरते. स्वतःच्या जुन्या प्लेअरमध्ये घालून "चालते का बघू" करू नका, आतली टेप गुंतली तर भजन गेलं. हे काम करणाऱ्या माणसाकडून डब्ल्यूएव्ही (आवाजाची) फाइल करून घ्या, आणि पावसाळ्याच्या आत.