पोर्टेबल स्पीकर घेताना वॅट बघावेत की बॅटरी की वॉटरप्रूफ? घरात आणि बाहेर दोन्हीकडे वापरायचाय.

आधी आयपी रेटिंग (पाणी आणि धूळ किती अडवतो याचा आकडा) बघा, मग बॅटरी, आणि वॅट सगळ्यात शेवटी, कारण वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो म्हणजे कानाला जेमतेम फरक कळतो, त्यामुळे १० वॅट की २० वॅट यावर डोकं खपवू नका. बॉक्सवर पीएमपीओ (क्षणभरच्या कमाल पॉवरचा फुगवलेला आकडा) असे मोठ्ठे आकडे असतील तर ते सरळ सोडून द्या, आरएमएस (सतत मिळणारी खरी पॉवर) किती तेवढंच बघायचं. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं चालतं, पण त्यातल्या एक्सचा अर्थ धुळीची टेस्ट दाखवलेलीच नाही, म्हणून बाहेर माती-वाळूत न्यायचा असेल तर आयपी६७ घ्या. बॅटरीचे तास कंपन्या बहुतेक मध्यम आवाजावर मोजतात (स्पेक शीटमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोण वाचतंय म्हणा), फुल आवाजावर त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी धरून चाला.

घेण्याआधी एवढं चेक करा:
- चार्जिंग टाइप-सी आहे का
- ऑक्स (वायरने जोडायचं होल) आहे का, असेल तर उत्तम
- पुढे दुसरा स्पीकर जोडून स्टीरिओ करायचा असेल तर बहुतेक वेळा तेच मॉडेल लागतं

फक्त घरातच वापरणार असाल तर मात्र आयपी रेटिंग सगळ्यात शेवटी, तिथे वॉटरप्रूफला काही अर्थ नाही, त्याच पैशात मोठ्या ड्रायव्हरचा (आतला आवाज काढणारा गोल भाग) घ्या, बेस खरा तिथूनच येतो.