गवत एकटं पेरू नका

वाचकांचे प्रश्न : शेत आणि गोठा

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. सिमरोलजवळ आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे. वरची तीन एकर उताराची, मुरमाड. खालची एक एकर काळी. दावणीला चार माळवी गाई, दोन म्हशी. मुरमावर सोयाबीन करून दमलो, बियाण्याचाही खर्च निघत नाही. म्हणून गेल्या साली वर अंजन गवत पेरलं. पहिली सर पडली तसं बी फोकलं आणि वखराची पाळी देऊन झाकलं. मग वीस दिवस आभाळ कोरडं. हाती काही लागलं नाही. शेजारी म्हणतात, गवत काय पेरायचं असतं का, ते आपोआप येतं. यंदा पुन्हा करावं का? केलं तर सगळ्यात चांगलं गवत कोणतं? — एक वाचक, सिमरोल

उत्तर : दादा, पुन्हा करा. पण प्रश्न बदलून करा. सगळ्यात चांगलं गवत असं काही नसतं. तुमच्या मुरमाला चालेल ते एक आणि काळीला चालेल ते दुसरं. शिवाय प्रत्येकाच्या जोडीला एक शेंगवर्गीय सोबती हवाच.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आपोआप येते ती बहुतेक कुसळी. कोवळी असताना जनावर ती आवडीने खातं, पण फुलोऱ्यावर आली की तिची कुसळं गाईच्या तोंडात रुततात आणि वाळल्यावर तिच्यात कस उरत नाही. आपल्या माळव्यात राखलेल्या कुरणाला बीड म्हणतात. जुनी माणसं बीड राखत, म्हणजे दसऱ्यापर्यंत तिथे जनावर सोडत नसत. तेव्हा खरिपात काळी जमीनसुद्धा बऱ्याच ठिकाणी पड असायची. सोयाबीन आलं, पड संपली, बीडं मोडली, गावच्या चरनोईवर, म्हणजे गायरानावर, घरं आणि खळी आली. म्हणून आज गवत पेरावं लागतं.

जोडीचं महत्त्व मला 2023 साली पटलं. माझं रान महूच्या पुढे, मानपूरच्या वाटेवर आहे. तुमच्यासारखंच वर मुरूम, खाली काळी. त्या वर्षीचा ऑगस्ट तुम्हालाही आठवत असेल. 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता तो. बांधापलीकडचं सोयाबीन शेंगा भरायच्या वेळीच माना टाकून उभं होतं. माझ्या मुरमावरचं अंजन पिवळं पडलं, पानं सुरळी झाली, पण ठोंब जिवंत होते. आणि त्यांच्यामधल्या ओळीतला स्टायलो, म्हणजे त्यांचा शेंगवर्गीय सोबती, हिरवा होता. त्याचं सोटमूळ मुरमाच्या फटीतून खाली जातं, तिथली ओल त्याला पुरली. मग सप्टेंबरच्या मध्यात दोन दिवसांत असा पाऊस कोसळला की इंदुरात रस्त्यांचे ओढे झाले. खालच्या काळीत चार दिवस पाणी साचलं. तिथेही मी हौसेने स्टायलो लावला होता. तो मुळासकट काळा पडून गेला. त्याच पाण्यात मारवेल गवत मात्र जसंच्या तसं उभं राहिलं. एकाच पावसाळ्यात, दोनशे पावलांच्या अंतरात हे सगळं दिसलं. आपल्याकडे वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो कधी आणि किती तुकड्यांत पडेल याचा भरवसा उरलेला नाही. एकच गवत असेल तर एकच चूक सगळं रान घेऊन जाते.

तेव्हा वरच्या मुरमावर अंजन आणि स्टायलो. स्टायलोत हमाटा आणि स्काब्रा अशा दोन जाती मिसळून घ्या, कारण खाली एका उत्तरात दिलंय. खालच्या काळीत मारवेल आणि गोकर्ण. होय, आपण महादेवाला वाहतो तीच गोकर्णी. भारी जमिनीत ती छान रमते आणि जनावर तिच्यावर तुटून पडतं. मारवेलचं बी उगवायला कटकट करतं, म्हणून त्याचे मुळं असलेले ठोंब लावा: दीड फुटाची ओळ आणि ओळीत फुटावर एक ठोंब. एकरी 25 ते 30 हजार ठोंब लागतील. पहिल्या वर्षी दहा गुंठे लावा, त्याचेच ठोंब फोडून पुढच्या वर्षी उरलेलं रान भरा. तोवर त्या उरलेल्या काळीत चाऱ्याची ज्वारी आणि चवळी घ्या, म्हणजे गोठा उपाशी राहणार नाही. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापा. कोवळी, त्यातून पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाल्ली तर किराळ, म्हणजे विषबाधा, लागते आणि जनावर दगावतं.

आता तुमचं बी का गेलं ते. माझ्या मते तीन गोष्टी झाल्या असाव्यात.

पहिली, बी ताजं असेल. अंजनचं नवं बी झोपलेलं असतं. ते सहा महिने ते वर्षभर जुनं झाल्याशिवाय नीट उगवत नाही. मलाही एका दुकानातून ‘अगदी ताजं’ म्हणून बी मिळालं होतं आणि मी खुशीने आणलं होतं. आता मी आधी तळहातावर चिमूटभर घेऊन चोळते. वरचा लोकरीसारखा भाग निघून जातो आणि आत दाणा आहे की नुसतं फोल आहे ते बोटांना कळतं. मग शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि आठ-दहा दिवसांनी उघडायचे. तीस तरी उगवले तर पेरा, नाहीतर परत करा. झाशीला 1962 पासून चाऱ्यावर काम करणारी केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे, ‘बुंदेल अंजन 1’ तिथलंच वाण. मी बियाण्याची चौकशी आधी तिथे करते.

दुसरी, वखराची पाळी. सोयाबीनचा दाणा दोन इंच खोल गेला तरी वर येतो. अंजन आणि स्टायलोचं बी अर्ध्या इंचाहून खाली गेलं की संपलं. वर काटेरी फांदी ओढली तरी पुरे.

तिसरी, पहिल्या सरीची घाई. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली सर फसवी असते. तेवढ्या ओलीवर बी उगवतं आणि पुढच्या खंडात कोंब जळतो. जमीन वीतभर खोल भिजू द्या, मुठीत माती दाबली की लाडू व्हायला हवा. मगच निम्मं बी पेरा. उरलेलं निम्मं बारा-पंधरा दिवसांनी, आडव्या दिशेने. एक हप्ता खंडात गेला तरी दुसरा हाताशी राहतो. माझ्या सगळ्या सल्ल्यांत हा एक तरी पाळाच. याने मला दोनदा वाचवलंय. जुलैअखेर मात्र पेरणी संपली पाहिजे, नाहीतर थंडीआधी मुळं खोल जात नाहीत.

मिश्र पेरणीसाठी एकरी दीड किलो अंजन आणि दीड किलो स्टायलो पुरतो. दोन ओळी गवत, एक ओळ स्टायलो, दोन ओळींत दीड फूट. अंजनचं बी इतकं हलकं की वाऱ्याबरोबर शेजारच्या रानात जातं, म्हणून आम्ही त्याच्या गोळ्या करतो. एक माप बी, तीन मापं चाळलेली काळी माती, एक माप शेण, एक माप वाळू. घमेल्यात थोडं थोडं पाणी शिंपडत हात गोल फिरवत राहायचं, साबुदाण्यापेक्षा जरा मोठ्या गोळ्या वळल्या जातात. सावलीत वाळवायच्या. पाणी जास्त झालं तर चिखल होतो आणि गोळीत दहा-दहा दाणे अडकतात. एक-दोन दाण्यांची गोळी उत्तम. पहिल्या दिवशी हात दुखेल, दुसऱ्या दिवशी लय सापडेल.

स्टायलोचं कवच कडक असतं. पाणी उकळून चुलीवरून उतरवा, वाफ जरा ओसरली, साधारण 80 अंश झालं, की बी फडक्यात बांधून चार मिनिटं त्यात बुडवा. लगेच गार पाण्यात टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी चवळीला लावतात तेच रायझोबियम जिवाणूखत गुळाच्या पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पेरणीआधी एकरी दोन पोती सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळा. त्यातलं स्फुरद आणि गंधक दोन्ही स्टायलोला लागतं.

आणि पहिलं वर्ष जनावर आत सोडू नका. हे लिहायला सोपं आणि पाळायला फार अवघड आहे, मला माहीत आहे. ऑगस्टमध्ये रान हिरवंगार दिसतं आणि गाय कुंपणापाशी उभी राहून हंबरते. पण कोवळं गवत ओढलं की मुळासकट हातात येतं. तीन आठवड्यांनी एक आणि सहा-सात आठवड्यांनी दुसरी निंदणी द्या, गाजरगवत फुलण्याआधी उपटा. नोव्हेंबरात स्टायलोचं बी गळल्यावर एकदाच, जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. सप्टेंबरात एक काम जरूर करा: स्टायलोचं एक रोप हलक्या हाताने, मातीच्या ढेकळासकट उपटा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल दिसलं तर हवेतला नत्र मुळात उतरतो आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर मला लिहा.

प्रश्न : कुरणात युरिया कधी आणि किती टाकावा? — एक वाचक, मानपूर

उत्तर : पेरताना एकरी पंचवीस किलोच्या वर नको, नंतर तर मुळीच नको. युरिया मिळाला की गवत उसळतं, स्टायलो त्याच्या सावलीत गुदमरतो. नत्र पुरवायला तर आपण त्याला आणलंय.

प्रश्न : विहिरीला पाणी असल्याने दर वर्षी बरसीम हा हिवाळी शेंगवर्गीय चारा लावते. पहिली कापणी फार थोडी मिळते. शिवाय गेल्या माघात एक गाय पोट फुगून आडवी झाली, डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचली. आता बरसीम सोडू का? — एक गृहिणी, सांवेर

उत्तर : सोडू नका, जोडी लावा. इथेही एकट्याचंच दुखणं आहे. ऑक्टोबरात एकरी दहा किलो बरसीमबरोबर अर्धा किलो चाऱ्याची मोहरी किंवा दहा-बारा किलो जई (ओट) मिसळा. थंडीच्या सुरुवातीला बरसीम रेंगाळतो तेव्हा मोहरी आणि जई झपाट्याने वाढतात, त्यामुळे पन्नास-पंचावन्न दिवसांची पहिली कापणी भरते. पुढे महिन्या-महिन्याने कापा. बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाका, कासनी या तणाचं हलकं बी वर तरंगेल, ते काढून टाका आणि बरसीमचं बी साध्या पाण्याने धुवा.

पोटफुगीचं म्हणाल तर कोवळ्या बरसीमने पोटात फेस होतो आणि वायू त्यात अडकतो. दव असताना कापलेला, रिकाम्या पोटी घातलेला बरसीम सगळ्यात धोक्याचा. उन्हं वर आल्यावर कापा, आधी गव्हाचा भुसा किंवा कडब्याची कुट्टी खाऊ द्या, मग जईसकट बरसीम. डावी कूस वर आलेली दिसली की तासभरही थांबू नका, डॉक्टरांना बोलवा. गाय वाचली हे वाचून जीव भांड्यात पडला.

प्रश्न : आम्ही राहतो रामबागेत, शेत देपालपूरच्या वाटेवर आहे. तिथल्या हलक्या टेकाडावर तीन वर्षांपूर्वी अंजन-स्टायलो लावला. दोन वर्षं दृष्ट लागण्यासारखं कुरण होतं. यंदा नुसतं अंजन दिसतं, स्टायलो शोधावा लागतो. कुठे चुकलं? — एक निवृत्त शिक्षक, इंदूर

उत्तर : सर, कापणी कधी करता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की दर वर्षी सप्टेंबरअखेर सगळं रान एकदम कापलं जातं. हमाटा स्टायलो दोन-तीन वर्षांचा पाहुणा. तो टिकतो तो स्वतःच्या बियांवर, आणि बी धरतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्याआधी विळा फिरला की त्या वर्षीची पिढी गेली. तीन वर्षं असं झालं तर जुनी झाडं म्हातारी होऊन मरतात आणि जागा घ्यायला कोणी नसतं.

खोडांवर काळपट खोलगट डागही पाहून घ्या. असतील तर तो करपा. 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियात स्टायलोच्या एका जातीची पसरलेली कुरणं या रोगाने उद्ध्वस्त केली होती. तेव्हापासून एकाच जातीवर विसंबू नये असं मी सांगते. स्काब्रा जरा टणक, झुडपासारखा आणि जास्त वर्षं टिकणारा आहे, तो थोडा मिसळा.

दुरुस्ती अवघड नाही. येत्या जूनमध्ये अंजनच्या ओळींमधली जागा कुदळीने खरवडा आणि गरम पाण्याची प्रक्रिया केलेलं स्टायलोचं बी तिथे टाका. पहिला दीड महिना अंजन गुडघ्यावर येऊ देऊ नका, वरचेवर कापून घाला, म्हणजे खालच्या रोपांना ऊन मिळेल. पुढे रानाचे तीन पट्टे करा आणि दर वर्षी एक पट्टा डिसेंबरपर्यंत हात न लावता ठेवा.

त्या पट्ट्यातलं बी विकत घेतल्यासारखंच जपा. स्टायलोचं बी झाडावर राहत नाही, गळून खाली पडतं. डिसेंबरात पट्टा कापला, काड्या झटकून बाजूला केल्या, की सकाळचं दव वाळल्यावर खराट्याने जमीन झाडायची. माती, काडीकचरा, बी सगळं एकत्र येतं. सुपात पाखडलं की तळाशी बारीक, पिवळसर तपकिरी दाणे उरतात. निम्मे तिथेच परत फेका आणि निम्मे कोरड्या बरणीत भरून ठेवा. सिमरोलचे दादा वर भेटलेच आहेत, त्यांना जूनमध्ये एकरी दीड किलो लागणार आहे.