बाईंची वही आणि सासूबाईंची पाठ

प्रश्न : सिस्टर, माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. दिवाळीआधी न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं. साखर जुनी, इन्सुलिन चालू. मी शाळेत शिक्षिका, मिस्टर कुपवाडला कंपनीत, म्हणून पेशंटसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून २४ तासांची बाई ठेवली. तीन महिन्यांत चार बायका झाल्या. परवा सासूबाईंच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बाई म्हणाली, डायपरची उब आहे, पावडर चोळते. साखरही १६०-१७० असायची ती ३४० वर गेली. पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, कॅमेरा लावा. लावावा का? आणि चांगली बाई ओळखायची कशी?
— एक वाचक, गावभाग, सांगली

ताई, कॅमेऱ्याचं नंतर. पत्रात नंबर होता म्हणून मी तुम्हाला लगेच फोन केला आणि चट्टा बोटानं दाबून बघायला सांगितलं. दाबल्यावर जागा पांढरी पडून परत लाल होते, तोवर निभावतं. दाबूनही लालच राहिली तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. तुमच्याकडे लालच राहिली. म्हणजे डायपरची उब नव्हे, तासन्‌तास उताणं पडून राहिल्याची ती खूण आहे. डॉक्टरांना दाखवाच, आणि टाचाही उलटून बघा. टाचांकडे कुणी बघत नाही.

पावडर लावून चोळणं आजपासून बंद. मी १९७९ साली ट्रेनिंगला होते तेव्हा आम्हाला स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायलाच शिकवलं होतं. शेकडो पाठी चोळल्या मी. पुढं कळलं की दबलेली जागा चोळली की आतलं मांस आणखी दुखावतं. त्यामुळं त्या बाईला दोष देऊ नका, तिला कुणा माझ्यासारखीनंच शिकवलं असणार. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको. दर दोन तासांनी कूस बदलायची. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. ऑपरेशनच्या बाजूला वळवायचं की नाही ते ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारा. आणि वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. खाली आडवी चादर घालून दोघांनी उचलायचं. ओढलं की कातडी सोलते.

साखरेचं मी तुम्हाला फोनवर एकच विचारलं होतं, सिरिंजच्या टोपणाचा रंग कोणता? तुम्ही म्हणालात, नारिंगी. आणि बाटलीवर ४० लिहिलंय. तिथंच गाठ सापडली. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं, एका मिलिलीटरला ४० युनिट आणि १०० युनिट. ४० वाल्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० वाल्याला नारिंगी. दुकानात लाल संपल्या असतील, बाईनं नारिंगी आणल्या. त्यात २० च्या रेघेपर्यंत भरलं की अंगात जातात फक्त ८ युनिट. बाई रोज प्रामाणिकपणे २० देत होती.

तुम्ही डोस वाढवून घ्यायला दवाखान्यात निघाला होतात, म्हणून हे इतकं लांबण लावलं. डॉक्टरांनी ३४० बघून डोस वाढवला असता, चार दिवसांनी कुणीतरी लाल सिरिंज आणली असती, आणि पहाटे साखर एकदम उतरली असती. त्या वयात ते ३४० पेक्षा वाईट. डॉक्टरांना सिरिंज आणि बाटली दोन्ही नेऊन दाखवा. याच्या उलट चूकही होते. पेनाच्या काडतुसातलं इन्सुलिन १०० चं असतं, ते कुणी लाल सिरिंजनं ओढून २० पर्यंत भरलं तर ५० युनिट जातात. घरात एकच जातीची सिरिंज ठेवा, बाकीच्या टाकून द्या.

आता २४ तासांच्या बाईचं. दोन तासांनी कूस म्हणजे रात्री अकरा, एक, तीन, पाच. दिवसभर उचलाउचल केलेली बाई या चारही वेळा उठेल का? मी वॉर्डात नाईट केलेली आहे, मी नसते उठले. २४ तासांची बाई हा शब्दच खोटा आहे. ती कुठंतरी झोपणारच, आणि ज्या वेळेला झोपेल त्या वेळेची पाठ लाल होणार. दोन पाळ्यांच्या दोन बायका परवडत नाहीत, हे मला कळतं. मग निदान एक आणि पाचची कूस मिस्टरांनी बदलावी, पाठ त्यांच्या आईची आहे. आणि दिवसा तुम्ही शाळेतून आल्यावर बाईला दोन तास घराबाहेर सोडा. मारुती चौकात जाऊन चहा पिऊन येऊ दे.

चार बायका बदलल्याचं तुम्ही लिहिलंत, पण जाणारीनं येणारीला काय सांगितलं ते नाही लिहिलंत. काहीच सांगितलं नसणार. शंभरपानी वही आणा, सुतळीनं पलंगाला बांधा. वेळ, कोणती कूस, काय खाल्लं, लघवी झाली का, साखर किती, इन्सुलिन किती आणि कुणी दिलं. बाईला लिहिता येत नसेल तर तिनं सांगायचं, संध्याकाळी तुमच्या मुलानं लिहायचं. माझ्या अनुभवात चांगली बाई ओळखायची ती इथं. जी स्वतःहून सांगते की "दुपारची कूस राहिली, आजी रडत होत्या", ती ठेवा. जिची वही रोज सगळी भरलेली, सगळ्या वेळा बरोबर दोनदोन तासांच्या, तिच्याकडे जरा बारीक लक्ष द्या.

पांढरा युनिफॉर्म बघून सिस्टर समजू नका. नर्स म्हणजे एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स शिकलेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली. ब्युरोकडून येतात त्या बहुतेक काही महिन्यांचा कोर्स केलेल्या किंवा बघून बघून शिकलेल्या असतात. पाठ धुणं, भरवणं, चालवणं यात त्यातल्या कित्येक जणी माझ्यापेक्षा सरस आहेत. पण इंजेक्शन हे त्यांचं काम नाही. इन्सुलिन सकाळी शाळेला जायच्या आधी तुम्ही द्या, संध्याकाळचं मिस्टर देतील.

ब्युरोला तीन गोष्टी लेखी विचारा. पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद, बाई एकाएकी गेली तर किती तासांत दुसरी, आणि तुम्ही दिलेल्या पैशातले बाईच्या हातात किती पडतात. तिसऱ्यावर ते गप्प बसतील. पण चार बायका का गेल्या त्याचं उत्तर बहुधा तिथंच असतं. या ब्युरोंना धाक असावा म्हणून २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत एक विधेयक आलं होतं, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्ती करणारं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी त्यात होती. ते कायदा झालंच नाही. तोवर आपली वही आणि आपले डोळे. मारहाण, उपाशी ठेवणं असलं काही दिसलं तर मात्र १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन आहे, तिथं फोन करा.

कॅमेरा लावा, हरकत नाही. बाईला सांगून लावा, आणि अंघोळ, डायपर बदलणं दिसेल असा नको. सासूबाईंनाही विचारा, अंग त्यांचं आहे. पण पुण्यात बसून नणंदबाईंना पांघरुणाखालची पाठ दिसणार नाही. त्यापेक्षा महिन्यातून एक रविवार त्यांनी यावं आणि आईला स्वतः अंघोळ घालावी.

तुम्ही गावभागात राहता म्हणून आणखी एक. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका. पडीक माणूस घरात असेल तर ४० ची वाट बघू नका. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या ओळखीच्या एका घरी वीज गेली, आजींची पंपावरची हवेची गादी काही वेळात बसली, आणि बाई सांगलीवाडीची, तिला पूल ओलांडता येईना. आजींना खुर्चीत बसवून बोटीत उतरवलं, औषधांची पिशवी वरच राहिली. विश्रामबागेकडे एखाद्या नातेवाइकाची तळमजल्याची खोली जूनमध्येच सांगून ठेवा.

प्रश्न : मी तीन वर्षं पेशंटच्या घरी ड्युटी करते. लोक सगळ्या घराची भांडी, कपडे सांगतात. आता एका घरी नाकातल्या नळीतून जेवण द्यायला सांगतायत, मला कुणी शिकवलेलं नाही. नाही म्हटलं तर ब्युरो काम देत नाही.
— एक मावशी, कुपवाड

मावशी, भांड्यांचं तुमचं तुम्ही ठरवा. पेशंटची भांडी, पेशंटचे कपडे एवढं तुमचं, हे पहिल्याच दिवशी घरातल्या मोठ्या बाईसमोर बोलून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी बोललं की भांडण होतं.

नळीचं मात्र शिकल्याशिवाय नाहीच म्हणा. नळी थोडी वर सरकलेली असली आणि तुम्ही पेज सोडली तर ती फुफ्फुसात जाते. नळीवर नाकापाशी पेनानं खूण केलेली असते, ती जागेवर आहे का हे आधी बघायचं. पेशंटला पाठीला टेकू देऊन बसतं करायचं, नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही, खोकला आला की तिथंच थांबायचं. हे वाचून शिकलात असं समजू नका. घरच्यांना म्हणा, दवाखान्यातल्या सिस्टरसमोर माझ्या हातून दोनदा करून घ्या, मग देते. नळी निघाली तर परत घालायची नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

आणि नवीन घर धरताना पगाराआधी विचारा, रात्री मी झोपायचं कुठं, आणि मी झोपले की पेशंटकडे कोण बघणार.