दुबईत वापरतो त्या व्हेपला (ई-सिगारेटला) नवी कॉइल, म्हणजे तापणाऱ्या तारेचं वेटोळं, घालूनही चव जळकी येते. तार बदलू की कापूस? सुट्टीत नाशिकला येताना व्हेप सोबत आणू का?

आधी कापूस बदला, तार नाही. आणि नाशिकला व्हेप आणूच नका. सातपूरच्या हीटर कारखान्यात मी रोज कान्थल आणि निक्रोम या मिश्रधातूंच्याच तारा गुंडाळतो. दोन्ही चालतात, चवीचा घोळ बहुतेक वेळा वातीत, म्हणजे लिक्विड शोषणाऱ्या कापसात असतो. समईची वात फार पिळून वळली की तेल वर चढत नाही, इथेही तेच. कापूस कॉइलमधून ओढताना किंचित अडावा, पण कॉइल वाकू नये. घट्ट बसला तर मधला भाग कोरडा पडून जळतो, सैल राहिला तर गळती. कापसाची टोकं लिक्विडच्या तळाला टेकतील एवढीच ठेवा, कोंबू नका, आणि लिक्विड ओतल्यावर पाच मिनिटं मुरू द्या. कापूस घालण्याआधी कमी वॉटवर कॉइल थोडी थोडी तापवून पाहा: मधून कडेकडे एकसारखी लाल व्हायला हवी. एखादाच वेढा आधी पेटला तर बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने वेढे जवळ दाबा. गोड लिक्विडमधलं सुक्रालोज (कृत्रिम साखर) तारेवर काळं साचतं, तेही जळकं लागतं.

मात्र भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवणूक बंद आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सुटे भागही त्यातच मोडतात, त्यामुळे कॉइल आणि तारही तिकडेच ठेवून या.