चार वर्षांच्या मुलाला सारखी सर्दी होते. गाईच्या चिकाच्या कॅप्सूल द्याव्यात की खरवस?

कॅप्सूल नको. खरवस खुशाल द्या, पण खाऊ म्हणून द्या, औषध म्हणून नाही. खरवसाने पोराची सर्दी थांबेल असं तुमच्या सासूबाई म्हणतात, आणि कॅप्सूल विकणाऱ्या ओळखीच्या ताई म्हणतात की त्यांच्या डबीत वर्षभराची प्रतिकारशक्ती आहे. दोघींनीही ज्याच्यासाठी चीक असतो त्या वासराचं नाव घेतलेलं नाही. म्हणूनच लिहायला बसलो.

माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, पोटात असतानाच वारेतून मिळतात, शेवटच्या तीन महिन्यांत तर भरपूर. गाईची जार, म्हणजे तिची वार, ती जाऊ देत नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. ती चिकातूनच यायची असतात आणि त्यालाही मुदत असते. अख्खं प्रतिपिंड रक्तात ओढून घेण्याची वासराच्या आतड्याची ताकद तासातासाने कमी होत जाते आणि साधारण २४ तासांत संपते. म्हणून वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवशी पोटात गेला पाहिजे. वासरू २० किलोचं असेल तर २ लिटर, आणि त्यातला चांगला वाटा पहिल्या दोन तासांत.

आमच्या घरी हे कुणी मानत नव्हतं. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या पुढे आमचं गाव. गोठा मोठेबाबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या ताब्यात होता. गाय व्याली की चिकाचा पहिला डबा नागपूरला एका डेअरीवाल्याकडे जायचा, दुसरा नातेवाइकांत वाटायचा, आणि वासराला दोरीने बांधून ठेवायचे. कारण काय, तर जार पडलेली नाही. "जार पडल्याबिगर वासराले पाजत नसतेत, जार अडकते," हे मोठेबाबांचं ठाम मत. त्यांच्या वडिलांनीही असंच केलं होतं, तेवढा पुरावा त्यांना पुरेसा होता. मी तेव्हा कॉलेजात होतो. पशुवैद्यकीयच्या एका मित्राकडून ऐकलं होतं की पाजल्याने उलट जार लवकर पडते. वासराने आचळ चोखलं की पान्हा सोडवणारं जे संप्रेरक सुटतं, तेच गर्भाशयही आवळतं. मी सांगून पाहिलं. "तुले काय समजते? चार बुकं शिकला त आमाले शिकवतं का?" एवढं म्हणून ते डबा घेऊन निघून गेले.

पावसाळा होता. आमच्या गवळाऊ-जर्सी संकरित गाईला कालवड झाली होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली. संध्याकाळी व्याली आणि जार पडली दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर. तोवर कालवड दाव्याला ओढ देऊन देऊन थकली होती. नंतर पाजली, पण कासेत उरलं होतंच किती! पुढे दोन-तीन दिवसांत पांढरी हगवण सुरू झाली. मोठेबाबांनी ताकात हळद कालवून पाजली. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चीक कधी पाजला?" कुणीच उत्तर दिलं नाही. त्यांनी कालवडीच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार होतं आणि ती बोट चोखेना. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच उभी राहिली. सलाईन लावलं, पण ती वाचली नाही. मोठेबाबा म्हणाले, "नशीब तिचं." नशीब नव्हतं ते. तिच्या वाट्याचा चीक लोकांच्या ताटात वडी होऊन पडला होता. आई त्या दिवशी जेवली नाही, आणि पुढची कितीतरी वर्षं तिने आमच्या घरी खरवस लावला नाही.

पुढच्या वेतात मोठेबाबा लग्नाला गावाला गेले होते. गोऱ्हा झाला. तो पाय रोवून उभा राहिल्याबरोबर मी आणि आईने त्याला कासेला लावलं. जार मध्यरात्रीच्या आत पडली. मोठेबाबा आल्यावर म्हणाले, "गाय चांगली होती, म्हणून पडली."

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. खरवस वाफेवर का धरतो, हे एकदा नीट पाहा. त्यात ना विरजण, ना पीठ. पहिल्या धारेच्या चिकात १४ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, नेहमीच्या दुधात ३ ते ३.५. त्यातला मोठा वाटा प्रतिपिंडांचा. वाफ लागली की ही प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी गोठतात. म्हणजे वडी ज्या क्षणी थापलेल्या पिठासारखी घट्ट होते, त्या क्षणी प्रतिपिंडं कामातून गेलेली असतात. उरतात ती उत्तम प्रथिनं, स्निग्धांश, अ जीवनसत्त्व. पोराने गूळ-वेलदोड्याचा खरवस आवडीने खाल्ला तर अंगी लागेल, यात शंका नाही. सर्दीचा त्याच्याशी संबंध नाही.

कॅप्सूलमधली पावडर कमी तापमानावर सुकवलेली असते, हा त्या ताईंचा मुद्दा खरा असू शकतो. पण चार वर्षांच्या मुलाच्या आतड्यातून गाईचं प्रतिपिंड रक्तात जात नाही. बरंचसं पचून जातं, थोडं आतड्याच्या पोकळीत टिकतं. म्हणूनच संशोधनात थोडाफार उपयोग दिसला तो जुलाबाच्या विशिष्ट जंतूंवर, आणि त्यासाठी गाईंना त्याच जंतूंची लस आधी टोचून चीक घेतला होता. खेळाडूंच्या सर्दी-खोकल्यावर काही अभ्यासांत थोडा फरक दिसतो, पण तिथे मात्रा दिवसाला १० ते ६० ग्रॅम. कॅप्सूलमध्ये अर्धा ग्रॅमच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा. या वयात बालवाडीत जाणाऱ्या मुलांना वर्षातून अनेकदा सर्दी होतेच. दर वेळी ताप, धाप किंवा वजन घटणं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

माझा चुलतभाऊ आता तोच गोठा सांभाळतो आणि अजूनही जार पडायची वाट पाहतो. दादा, हे वाचत असशील तर पुढच्या वेळी गाय व्यायला झाली की रात्री-बेरात्री मला फोन कर. मी येतो, तुझ्यासमोर पाजतो. माझं पटत नसेल तर सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चल, तिथे विचारू. पहिल्या दिवशी वासरू पोटभर प्यायल्यावरही दुभत्या गाईला चीक उरतो. तो विक, वाट, माझ्या घरी पण पाठव.

सासूबाईंना सांगा, खरवस ओळखीच्या गवळ्याकडूनच घ्यायचा आणि वासरू प्यायलं का, हे विचारून घ्यायचा. दुकानातला पुष्कळसा खरवस म्हणजे दूध, चायना ग्रास आणि पिवळा रंग. कच्चा चीक चाटवू नका, ब्रुसेला या तापाच्या आजाराचे आणि क्षयाचे जंतू त्यातून येऊ शकतात. मुलाला गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर खरवस आणि कॅप्सूल दोन्ही बंद. आणि तुमचे दीर पोलीस भरतीसाठी हीच पावडर घेतात असं लिहिलंय. पुढे स्पर्धेत उतरणार असतील तर त्यांना थांबवा. चिकात वाढीचे घटक असतात आणि उत्तेजकविरोधी जागतिक संस्था वाडा खेळाडूंना तो न घेण्याचा सल्ला देते.