बर्बन: किंमत, टंचाई आणि एमआरपी

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकी व्हिस्की. तिची किंमत आणि टंचाई यांबद्दल मुंबई-ठाण्यातून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. महाराष्ट्रात व्हिस्कीसारखं कडक मद्य घ्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि मद्यसेवन परवाना हवा. वर्षाचा परवाना १०० रुपयांत आणि आजीवन परवाना १,००० रुपयांत निघतो. खालची सगळी उत्तरं हे गृहीत धरून आहेत.

बर्बनवरचं सीमाशुल्क कमी झाल्याची बातमी २०२५ च्या फेब्रुवारीत वाचली होती. १५० टक्क्यांचे ५० झाले म्हणे. मग दुकानात बाटली एवढी स्वस्त का झाली नाही?
— एक वाचक, दादर

कारण १५० चे ५० झालेच नाहीत, १०० झाले. १३ फेब्रुवारी २०२५ च्या अधिसूचनेनंतर बर्बनवर मूळ सीमाशुल्क ५० टक्के आणि त्याशिवाय कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर ५० टक्के लागू झाला. बऱ्याच बातम्यांनी पहिला आकडा मथळ्यात घेतला आणि उपकर गाळला.

आता आकडेमोड करून पाहा. समजा बाटली न्हावा-शेवा बंदरात उतरताना तिचं मूल्य ५०० रुपये आहे. जुन्या दराने त्यावर ७५० रुपये शुल्क बसायचं, म्हणजे बाटली १,२५० ला पडायची. नव्या दराने शुल्क ५०० आणि बाटली १,००० ला. म्हणजे बंदराबाहेर पडतानाच घट २० टक्क्यांची. त्यापुढे राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट (मद्य जीएसटीबाहेर आहे), आयातदार, घाऊक विक्रेता आणि दुकानदार यांचे हिस्से चढतात. यातला जो भाग सीमाशुल्काशी बांधलेला नाही तो तसाच राहतो. त्यामुळे दुकानातली घट फार तर २० टक्के, सहसा त्याहून कमी. आयातदाराने तेवढ्यात मूळ दर वाढवला किंवा डॉलर चढला, तर तीही दिसत नाही.

महाराष्ट्रात खरी मोठी घसरण त्याआधी झाली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने आयात मद्यावरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा. त्याआधीची किंमत आठवत असेल तर फरक लगेच लक्षात येईल.

आणखी एक गोष्ट तपासा. बाटलीच्या मागे आयातदाराचं स्टिकर असतं, त्यावर आयातीचा महिना-वर्ष छापलेलं असतं. तारीख फेब्रुवारी २०२५ च्या आधीची असेल तर शुल्क जुन्या दराने भरलेलं असण्याची शक्यता आहे. शक्यताच म्हणतो, कारण माल सीमाशुल्क विभागाच्या बाँडेड गोदामात (शुल्क भरेपर्यंत माल जिथे ठेवतात) असेल, तर तो गोदामातून सोडवण्याच्या दिवशीचा दर लागतो, जहाज लागल्याच्या दिवसाचा नाही.

आमचा दुकानदार म्हणतो, ‘अमेरिकेतच बर्बनची टंचाई आहे, म्हणून येत नाही.’ खरं का?
— एक वाचक, ठाणे

काही मोजक्या बाटल्यांपुरतं खरं आहे. जिम बीम किंवा मेकर्स मार्क यांसारख्या नेहमीच्या ब्रँडपुरतं नाही.

बर्बनचा पुरवठा मागणीबरोबर वाढवता येत नाही, हे मान्य. अमेरिकी नियमांनुसार त्यात किमान ५१ टक्के मका लागतो, ऊर्धपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर नेता येत नाही, आणि ते ६२.५ टक्क्यांच्या वर नसताना आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात भरावं लागतं. रंग किंवा स्वाद वरून घालायला बंदी. आठ वर्षांची बाटली आज हवी असेल तर ती आठ वर्षांपूर्वी भरलेली असायला हवी, आणि एवढ्या वर्षांत पिंपातलं बरंच मद्य उडून गेलेलं असतं. म्हणून पॅपी व्हॅन विंकल, वेलर, ब्लँटन्स यांसारख्या बाटल्या अमेरिकेतही दुकानांना मोजून वाटल्या जातात, काही राज्यांत तर सोडत काढून विकल्या जातात.

पण साध्या बर्बनचं चित्र उलटं आहे. केंटकीतल्या गोदामांत १.६ कोटींहून जास्त पिंपं मुरत पडली आहेत. माल इतका साठला की जिम बीमने क्लेरमाँटच्या मुख्य डिस्टिलरीत २०२६ साली ऊर्धपातन थांबवायचं जाहीर केलं.

मुंबईतली टंचाई इथेच तयार होते. कुठलीही बाटली महाराष्ट्रात विकायची तर तिच्या लेबलला राज्य उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी लागते. लेबल बदललं, बाटलीचा आकार बदलला, की पुन्हा कागद. आयातदार माल कंटेनरने मागवतो आणि त्यात स्कॉचच्या पेट्या जास्त घेतो, कारण आपल्याकडे ‘इम्पोर्टेड’ म्हटलं की गिऱ्हाईक स्कॉचच मागतं. बर्बनची खेप संपली की पुढची यायला दोन-तीन महिने सहज जातात. त्यातून किरकोळ विक्रीचे एफएल-२ परवाने राज्याने १९७० च्या दशकापासून नव्याने दिलेले नाहीत. वाईन शॉप मोजकी, फळीवरची जागा त्याहून मोजकी. महिन्याला दोन बाटल्या खपणारा ब्रँड दुकानदार कशाला ठेवेल?

यावर उपाय सोपा आहे. हव्या त्या बाटलीच्या मागच्या स्टिकरवरून आयातदाराचं नाव घ्या आणि दुकानदाराला वितरकाकडे त्या नावाने चौकशी करायला सांगा. ‘बर्बन मागवा’ असं मोघम सांगितलं तर तो विसरतो. ब्रँड, आकार (७०० की ७५० मिली) आणि किती बाटल्या नक्की घेणार, हे लिहून द्या.

एका दुकानात बाटलीमागे ५०० रुपये एमआरपीच्या वर मागितले. दुसऱ्याने सांगितलं, स्कॉच घ्या तर बर्बन देतो. अमेरिकेत असं चालतं म्हणे.
— एक वाचक, अंधेरी

अमेरिकेत चालतं, कारण तिथे उत्पादक छापतो ती ‘सुचवलेली’ किंमत असते. दुर्मीळ बाटलीला दुकानदार तिच्या तिप्पट लावू शकतो. आपल्याकडे एमआरपी ही सर्व करांसह कमाल किंमत आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे तिच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, बाटली कितीही दुर्मीळ असो. स्कॉचची अट घालणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली निर्बंधात्मक व्यापार प्रथा ठरते.

तक्रार टिकायची तर पुरावा क्रमाने गोळा करा. आधी एमआरपीचा छापील भाग आणि स्टिकर यांचा फोटो. मग पैसे यूपीआयने द्या, रोख नको. मग छापील बिल मागा, त्यावर ब्रँड आणि मिली लिहिलेलं असू द्या. नुसतं ‘लिकर’ लिहिलेलं बिल निरुपयोगी. तक्रार वैधमापन शास्त्र यंत्रणेच्या कार्यालयात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागात, दोन्हीकडे करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवता येते. बहुतेक तक्रारी बिलापाशी अडतात. दुकानदार बिल देत नसेल तर बाटली सोडून या, एवढंच सांगता येईल.

स्टिकरवर स्टिकर चिकटवून एमआरपी वाढवलेली दिसली तर तोही भंगच. फक्त फोटो काढा. खालचं स्टिकर सोलून पाहण्याच्या भानगडीत पडू नका, पुरावा तुमच्याच हाताने जाईल.

व्हॉट्सअॅपवर एक जण ‘ड्यूटी फ्री’ ब्लँटन्स विकतोय. लेबलवर पिंपाचा क्रमांक वगैरे हाताने लिहिलेला दिसतो. अस्सल असेल का?
— एक वाचक, मुलुंड

लेबल अस्सल असेल. आतला माल असेलच असं नाही.

ब्लँटन्स एका पिंपाची बर्बन असते. लेबलवर पिंप रिकामं केल्याची तारीख, पिंपाचा, गोदामाचा, रॅकचा आणि बाटलीचा क्रमांक असतो. भेसळ करणारा हे छापत बसत नाही. तो भंगारवाल्याकडून रिकामी खरी बाटली घेतो आणि भरतो, म्हणून क्रमांक जुळणं हा पुरावाच नव्हे. बुचावरचं सील आणि त्याची चिकट कड, बाटल्या शेजारी ठेवल्या तर मानेतली पातळी, उजेडात धरल्यावर तळाशी दिसणारे कण, एवढं पाहा. तरी पूर्ण खात्री होत नाही.

आणि कायद्याचं काय? परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटर मद्य शुल्कमुक्त आणता येतं ते स्वतःसाठी. ते विकणं बेकायदा, आणि बिलाशिवाय घेतलेली बाटली तुमच्याकडे सापडली तर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ तुम्हालाही लागू होतो. नको.

जाता जाता: तुमच्या स्वतःच्या महागड्या रिकाम्या बाटल्या भंगारात देताना लेबलवर आडवा काप मारा आणि बूच वेगळं टाका.

गोव्याहून येताना दोन खंबे आणले तर?
— एक वाचक, गिरगाव

‘केवळ गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेली बाटली महाराष्ट्रात वाहतूक परवान्याविना आणणं हा गुन्हा आहे. तुमचा मद्यसेवन परवाना या कामी येत नाही, बिल असलं तरी नाही. सिंधुदुर्गच्या सीमेवर तपासणी होते, आणि वाचणारी रक्कम वकिलाच्या फीपुढे काहीच नाही.

बर्बन मिळत नाही, तर ‘बर्बन कास्क’ लिहिलेली भारतीय व्हिस्की घ्यावी का? ओल्ड फॅशन्ड कॉकटेल करायचं आहे.
— एक वाचक, विलेपार्ले

‘बर्बन कास्क’ म्हणजे बर्बन नव्हे. बर्बनला दरवेळी नवं पिंप लागतं, त्यामुळे वापरलेली पिंपं केंटकीबाहेर स्वस्तात विकली जातात. स्कॉटलंडवाले घेतात, अमृत आणि पॉल जॉनसारखे आपले उत्पादकही घेतात. अशा पिंपातल्या सिंगल माल्टला व्हॅनिलाचा वास येतो, पण धान्य बार्लीचं, मक्याचा गोडवा नाही. ओकस्मिथ या भारतीय व्हिस्कीत स्कॉच माल्टबरोबर अमेरिकन बर्बनचा अंश असतो, तीही बर्बन नव्हे.

ओल्ड फॅशन्डसाठी सगळ्यात जवळचा पर्याय जॅक डॅनियल्स. ती मॅपलच्या कोळशातून गाळतात आणि लेबलवर ‘टेनेसी व्हिस्की’ लिहितात, पण मका आणि नवं पिंप तेच. ६० मिली व्हिस्की, ५ मिली घट्ट पाक (दोन भाग साखर, एक भाग पाणी), अँगोस्टुरा बिटर्सचे (कडवट अर्काचे) दोन झटके, मोठ्या बर्फावर अर्धा मिनिट ढवळा, वर संत्र्याची साल पिळा. भारतीय ब्लेंड (मिश्र व्हिस्की) वापरत असाल तर पाक निम्मा करा. अनेक ब्लेंडमध्ये बरंचसं मद्य मळीपासूनचं असतं, आणि पूर्ण ५ मिली घातले तर चव सरबतासारखी होते. धुरकट स्कॉच मात्र इथे चालत नाही, साखर तिच्यावर बसतच नाही.

बर्बन घेताना लेबल असं वाचा. ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेली. आणि ‘स्ट्रेट’ असून वयाचा आकडा नसेल तर किमान चार, कारण चारच्या आतलं वय छापणं सक्तीचं आहे. ‘बॉटल्ड इन बाँड’ म्हणजे १८९७ च्या कायद्याप्रमाणे एका डिस्टिलरीची, एका हंगामाची, किमान चार वर्षांची आणि ५० टक्के अल्कोहोलची. प्रूफचा आकडा निम्मा केला की टक्के येतात: १०१ प्रूफ म्हणजे ५०.५. कॉकटेलला अशीच जोरकस बाटली परवडते, बर्फ वितळला तरी चव पातळ होत नाही. दोन बाटल्यांची तुलना करताना एमआरपीला मिलीने भागून ६० ने गुणा. ७०० मिलीची ‘स्वस्त’ बाटली ७५० च्या शेजारी अनेकदा महाग निघते.

परमिट रूममध्ये त्याच बर्बनचा पेग एवढा महाग का?
— एक वाचक, परळ

पेगला एमआरपी नसते, मेन्यूवरचा दर हाच दर. शिवाय परमिट रूममधल्या मद्यावर व्हॅट १० टक्के आहे. नोव्हेंबर २०२३ पर्यंत तो ५ होता. मागवताना ३० मिलीचा दर की ६० चा, हे विचारा, आणि मोजमापाने टेबलासमोर ओतायला सांगा. ७५० मिलीच्या बाटलीतून साठाचे साडेबारा पेग निघतात. चार-पाच जण असाल तर पूर्ण बाटलीचा दर विचारा, तो पेगांच्या बेरजेपेक्षा बराच खाली असू शकतो.

मिळाली तेव्हा सहा बाटल्या घेऊन ठेवाव्यात का? मुंबईच्या दमट हवेत टिकतात का?
— एक वाचक, चेंबूर

साध्या ब्रँडच्या सहा बाटल्या साठवण्यात अर्थ नाही. बाटलीत व्हिस्की मुरत नाही, आणि किती बाटल्या जवळ ठेवता येतात याची मर्यादा परवान्यावर असते. ती आधी वाचा. एक उघडी, एक राखीव, पुरे.

बंद बाटली वर्षानुवर्षं टिकते, पण उभी ठेवा. वाईनसारखी आडवी ठेवली तर कडक मद्य कॉर्क खातं आणि उघडताना बूच मधेच तुटतं. तुटलंच तर कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून काचेच्या स्वच्छ बाटलीत भरा, प्लास्टिकच्या नको. माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे फार तापतं. लाकडी कपाटाचा खालचा, भिंतीपासून सुटलेला कप्पा बरा. पावसाळ्यात लेबलवर बुरशी येते, तेवढ्यासाठी बाटलीला क्लिंग फिल्म गुंडाळा.

उघडलेली बाटली अर्ध्यावर येईपर्यंत चिंता नको. पाव उरली की आतली हवा चव मारायला लागते, दोन-तीन महिन्यांत व्हॅनिला जाऊन नुसता लाकडाचा कडवटपणा राहतो. तेव्हा उरलेली १८० मिलीच्या, पूर्ण वाळवलेल्या काचेच्या क्वार्टरच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, आणि तिच्यावर नाव व तारीख लिहा.