क्विअर थिअरी म्हणजे चित्रपटांत समलिंगी पात्रं शोधणं, एवढंच ना? चित्रपटाच्या अभ्यासात त्याने असा काय फरक पडला?

सुरुवात शोधण्यापासूनच झाली. हॉलिवूडने समलिंगी माणसं कशी दाखवली, कधी हसण्यापुरती तर कधी शेवटी मरण्यापुरती, याचा हिशेब व्हिटो रुसो यांनी 1981 मध्ये 'द सेल्युलॉइड क्लोजेट' या पुस्तकात मांडला. ते काम मोलाचंच आहे. पण तिथे कोण समलिंगी आणि कोण नाही, हे बरंचसं ठरलेलं असतं. क्विअर थिअरी त्या ठरलेपणालाच हात घालते, म्हणजे लैंगिकतेच्या ठरलेल्या चौकटींनाच प्रश्न विचारते. हे नाव 1990 मध्ये पुढे आणणाऱ्या तेरेसा द लॉरेटिस मुळात चित्रपटाच्या अभ्यासक, म्हणून हे नातं बाहेरून जोडलेलं नाही.

मला ते कळलं 'रिबेका'मुळे (1940, हिचकॉक). पहिल्यांदा पाहिला तेव्हा घराची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स मला नुसती दुष्ट वाटली होती. पुढे तो बंद खोलीचा प्रसंग पुन्हा पाहिला. मेलेल्या मालकिणीच्या, म्हणजे रिबेकाच्या, फरकोटाची बाही ती आधी स्वतःच्या गालावरून फिरवते, मग नव्या मालकिणीच्या, म्हणजे नायिकेच्या. झिरझिरीत नाइटगाऊनमध्ये हात घालून म्हणते, बघा, यातून माझा हात दिसतो. रिबेका अख्ख्या चित्रपटात एकदाही दिसत नाही, तरी खोलीभर तीच असते.

त्या काळात हॉलिवूडची आचारसंहिता, म्हणजे हेज कोड, 1934 पासून कडकपणे लागू होती आणि 'लैंगिक विकृती' सुचवायलाही बंदी होती. दाखवता येत नव्हतं, ते कपड्यांत आणि स्पर्शात उतरलं. पॅट्रिशिया व्हाइट यांनी 1999 च्या 'अनइन्व्हाइटेड' या पुस्तकात असे चित्रपट याच अंगाने वाचले आहेत. बंदीने काय पुसलं एवढंच त्या बघत नाहीत, बंदीमुळे काय घडलं तेही बघतात. मला हा बदल सगळ्यात मोठा वाटतो.

दुसरा फरक नजरेचा. पडद्यावर पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते, ही चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांची 1975 ची मांडणी. मग डॅनव्हर्सच्या नजरेला जागा कुठे? आणि प्रेक्षकांत बसलेल्या, तिच्यासारखंच बघणाऱ्या बाईला? असे प्रश्न नीट विचारले जाऊ लागले.

यावर नेहमीची शंका येते, की मग कशातही काहीही वाचायचं का? नाही. शॉटवर बोट ठेवता आलं पाहिजे. पण शॉट समोर असताना त्या वाचनाला 'ओढूनताणून काढलेलं' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. चित्रपट-अभ्यासक अलेक्झांडर डोटी यांनी 1993 मध्ये हेच ठासून सांगितलं: क्विअर अर्थ चित्रपटात असतोच, तो कोणी बाहेरून आणून घालत नाही.

सुरुवात करायची असेल तर पुस्तकाआधी तो खोलीचा प्रसंग आवाज बंद करून बघा. नायिकेचा चेहरा सोडून द्या, डॅनव्हर्सचे हात बघा.